रूमचा बादशहा, मुक्काम अणदूर

नाक नव्हतंच. सोन्याच्या टाकावर नाकाच्या जागी नुसता एक गुळगुळीत उंचवटा होता, त्याच्यावरून चिंचेचा कोळ ओघळत होता, आणि हिंमतरावांनी तो अंगठ्यानं पुसला तेव्हा खाली ओठासारखं काहीतरी दिसलं, आणि वर... वर पागोटं नव्हतं. शिरस्त्राण होतं. त्याला तुरा होता. उजव्या खांद्यावरून मागं गेलेला भाला होता, डाव्या अंगाला ढाल होती, आणि त्या एवढ्याशा ढालीवर एक घोडेस्वार — ज्याला या घरात पिढ्यान्‌पिढ्या मल्हारीचा घोडा म्हणत आले होते. हे आपण कुठंतरी पाहिलंय असं त्यांना वाटलं, मग कुठं पाहिलंय ते आठवलं, आणि ते मोरीतच खाली बसले.

परातीत बाकीचे देव भिजत पडले होते — पितळी बाळकृष्ण, अन्नपूर्णा, तुळजाभवानीचा चांदीचा टाक, आणखी दोन झिजके टाक, जे कुणाचे ते फक्त त्यांच्या बायकोला, सत्यभामेला माहीत होतं. ती आखाडात गेली. मूलबाळ नव्हतं, घरात राहिले हिंमतराव आणि देव, आणि दोघांनी एकमेकांकडं फारसं पाहिलं नाही. आज दुपारी जळकोटहून धाकटा भाऊ रामलिंग आणि त्याची बायको हरणाबाई देव न्यायला येणार होते. बाईमाणूस नसलेल्या घरात कुळधर्म कसा व्हायचा? चंपाषष्ठी तोंडावर आलेली. हिंमतरावांची हरकत नव्हती. देवघर हे तिचं खातं होतं, त्यांनी त्यात कधी लुडबुड केली नव्हती. तळी भरताना लांबून हात जोडायचे, येळकोट म्हणायचं, खोबरं खायचं, झालं. हरणाबाईनं फोनवर बजावलं होतं, "दादा, देव तेवढे घासून ठिवा. आन् सोन्याचा टाक येगळा बांधा, लई झिजलाय त्यो. झिजलेला देव पुजू न्हाय म्हंत्यात. सोलापूरला सोनाराकडं मोडायला देऊ, नवा घडवून आणू." ते "बरं" म्हणाले होते. फोनवर ते सगळ्यालाच बरं म्हणतात.

आणि त्यांनी सगळे देव सरसकट चिंचेत टाकले. सोन्याच्या देवाला घासायचं नसतं, नुसतं पाण्याचं नहाण घालून हळद लावायची असते, हे कुणी सांगितलं असतं तर... पण सांगणारी कुठं होती? मग दात घासायचा जुना ब्रश घेऊन त्यांनी टाकाची कड खरवडली, आणि कडेला थरावर थर बसलेला भंडारा, आईच्या सासूच्या काळापासूनचा असेल, भिजून पिवळ्या चिखलासारखा सुटला, आणि त्याखालून अक्षरं निघाली. आपली नव्हेत. ए, एन, ए, एस, टी...

अनास्तासिअस. कुस्तुंतुनियाचा बादशहा, त्याचं सोन्याचं नाणं. आज, अणदुरात, माझ्या मोरीत.

त्यांनी टाक उलटा केला. मागं रोमनांची पंखवाली विजयदेवता उभी होती, हातात उंच क्रूस. घरच्या बायका तिला म्हाळसा म्हणत. पंख म्हणजे वाऱ्यावर उडालेला पदर, आणि क्रूस म्हणजे दिवटी. वरती ओवून घेण्यासाठी पाडलेली दोन भोकं होती, त्यांना देवाचे कान म्हणत. कुणी पाडली, कुठल्या बंदरावर, कुठल्या तांड्याबरोबर हे नाणं घाट चढून आलं, कुणाच्या गळ्यातून कुणाच्या देव्हाऱ्यात गेलं... काखेत कळसा नि गावाला वळसा, हिंमतराव! साठी उलटेपर्यंत तू तेरच्या संग्रहालयात जाऊन काचेला नाक लावून फुटकी मडकी बघत बसलास, आणि हा बाबा तुझ्याच स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात रोज नैवेद्य खात होता.

तसं पाहिलं तर सगळी गडबड एका वाक्यानं केली होती. तुर्कांनी कुस्तुंतुनिया जिंकून घेतल्यामुळे खुष्कीचा व्यापारी मार्ग बंद झाला. महाराष्ट्रातल्या झाडून सगळ्या पोरांनी हे वाक्य पाठ केलं, पेपरात लिहिलं आणि विसरून गेली. हिंमतराव तेवढे तिथं अडकले. अरे, जिंकून घेतली म्हणजे काय? आदल्या दिवशी तिथं कोण राहत होतं? आजोबा निजामाच्या राज्यात वाढलेले, ते तुर्कस्तानाला रूम म्हणत, 'रूमचा बादशहा' म्हणत, आणि पोराला वाटायचं की ते दूरचं राज्य आपल्या आजोबांच्या ओळखीचं आहे. पुढं साखर कारखान्यात वजनकाट्यावर नोकरी लागली, सोलापूरच्या रद्दीवाल्यांकडून इंग्रजी पुस्तकं आणून शब्दकोशाच्या आधारानं वाचत गेले, नाण्यांच्या चित्रांवर भिंग धरून अक्षरं लावायला शिकले. काट्यावरचे लोक विचारायचे, "काय बादशहा, आज कुठली लढाई?" आणि उत्तर ऐकायला कुणी थांबायचं नाही. पहिली काही वर्षं ते तरीही सांगत राहायचे. नंतर तेही हसून सोडून द्यायला लागले.

घरी मात्र सांगत. सत्यभामा भाकरी थापत असायची आणि हे दाराशी पाट टाकून. ती शिकलेली बेताची, पण ऐकायची कशी — रोममधून उठून बादशहानं राजधानी पार दुसरीकडं नेली, नवं शहर वसवलं, असं हे मोठ्या नवलानं सांगत होते, तर ती तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली, "त्यात काय एवढं? आपला खंडोबा न्हाय का अणदूर सोडून नळदुर्गाला जाऊन राहत? देव न्यायचा तर दोन्ही गावांनी करार करायचा. तुमच्या बादशहानं केला व्हता का करार?" ते त्या दिवशी इतके हसले की ठसका लागला. करार केला असता तर रोम आणि कुस्तुंतुनियाची पुढची भांडणं टळली असती, हे मात्र त्यांना मागाहून, एकट्यानं वाचताना पटलं.

टपकन मोरीचा नळ गळला आणि ते भानावर आले. दुपारी माणसं येणार. टाक सोलापूरला जाणार. मुशीत जाणार... अनास्तासिअस वितळून त्याचा मल्हारी होणार, नाक-डोळे असलेला, चकचकीत. थांबवायचं तर सांगायला हवं. आणि सांगितलं तर? तर तो देव राहत नाही. मग हरणाबाई तोंडाला पदर लावून म्हणेल, अगं बाई, म्हंजी इतकी वर्सं आमी कुणा परक्या राजाला हळद लावत बसलो? आणि सत्यभामा लावत बसली? तिचे उपास, तिचं ओल्या लुगड्यानं नहाण घालणं, ते सगळं एक चूक होती, असं मी माझ्या तोंडानं सांगायचं? ... पण दुसरीकडं, खोटं कशाला बोला, मनातून त्यांना उकळ्याही फुटत होत्या. जन्मात पहिल्यांदा त्यांचं ऐकणं लोकांना भाग पडणार होतं. रामलिंग ऐकेल. गाव ऐकेल. काट्यावरचे जे कुणी जिवंत आहेत ते येऊन ऐकतील.

त्यांनी मोबाइल घेतला. जुन्या नाण्यांच्या शौकिनांचा एक गट होता, जगभरातली माणसं, तिथं हे नुसते वाचत असत. टाक स्वच्छ पंचावर ठेवून फोटो काढला, दोन्ही बाजूंचा. खाली लिहायला घेतलं — घरात सापडलेलं नाणं. दोन भोकं. अक्षरं चांगली. चेहरा झिजलेला, त्यामुळे प्रत मध्यम...

झिजलेला.

बोट तिथंच थांबलं. नाणी कशानं झिजतात ते त्यांना पाठ होतं. बाजारात हातोहात फिरून, थैलीत एकमेकांवर घासून. पण हे तर थैलीत नव्हतं. याची कड कोरी आहे, अक्षरं धारदार आहेत, भंडाऱ्याखाली झाकून राहिलेली. झिजलाय तो फक्त चेहरा. मधोमध. त्यांनी आपला अंगठा त्या उंचवट्यावर ठेवला. ओल्या हळदीचं बोट देवाला लावायचं तर ते इथंच लागतं. आई लावायची, आजी लावायची, आणि या शेवटच्या सगळ्या वर्षांत... सत्यभामा. ते पेपर वाचत असायचे आणि आत तिची घंटा वाजायची, आणि रोज सकाळी ती या बादशहाच्या नाकावरून अंगठा फिरवायची. नाक तिनं नेलंय. अनास्तासिअसचं नाक माझ्या बायकोनं झिजवलं, आणि ही प्रत मध्यम?

त्यांनी लिहिलेलं पुसलं. फोटोही पुसले. मग पहिल्यांदाच त्यांना मुशीची खरोखर भीती वाटली. बादशहा वितळेल म्हणून नव्हे. असले बादशहा जगात आणखी शेकड्यांनी आहेत, काचेआड, नाकासकट.

जेवणवेळ टळल्यावर जीप आली. हरणाबाईनं नवं कोरं पिवळं वस्त्र आणलं होतं. एकेक देव पुसून, कपाळाला लावून ती टोपलीत ठेवत होती. रामलिंग देवघराच्या रिकाम्या होणाऱ्या फळीकडं न बघता उंबऱ्यात उभा होता.

टाक हातात घेऊन ती थबकली. "दादा, ह्याला घासलं व्हय तुम्ही?"

"चुकून."

"असू द्या. तसंबी मोडायचाच हाय."

"मोडू नका," हिंमतराव म्हणाले.

दोघांनी त्यांच्याकडं पाहिलं. त्यांनी आजवर घरातल्या कुठल्याच गोष्टीला नको म्हटलं नव्हतं. "का वं दादा?" रामलिंगनं विचारलं, आणि तो खरंच ऐकायला थांबला होता, दाराच्या चौकटीला टेकून, कसलीही घाई नसल्यासारखा. आता बोला. रूम, कुस्तुंतुनिया, तांडे, बंदरं, सगळं ओठांवर आलेलं.

"तिचा हात लागलाय त्याला," ते म्हणाले.

हरणाबाईनं टाक उजेडाकडं धरला, बघितला. तिला काय दिसलं कोण जाणे. मग बाकीच्या देवांपासून वेगळा काढून तो आपल्या पदराच्या टोकाला बांधला. "नाकडोळा काय राह्यला न्हाय बगा," ती हळूच म्हणाली. "गुरुजींना इचारते. त्यांनी न्हाय म्हटलं तर मग माझा इलाज न्हाय."

"बरं," हिंमतराव म्हणाले.

जीप वळून हायवेकडं गेली. ते आत आले. फळीवर देवांच्या बुडांचे गोल डाग तेवढे होते. पंचा वाळत टाकावा, परात धुवावी, हे सुचत होतं आणि होत नव्हतं. सांगून टाकायला हवं होतं का? तो आत्ता हरणाबाईच्या पदरात धक्के खात जळकोटकडं चाललाय, पुढं सोनाराकडं जाईल की देव्हाऱ्यात, काही ठरलेलं नाही. पश्चात्ताप होईल असं त्यांना वाटलं होतं. झाला नाही. सांगायची ती आयुष्यभराची हौस चाचपून पाहिली, तर ती जागेवरच नव्हती. रामलिंग थांबला, कान देऊन थांबला, आणि यांना कळलं की आपल्याला हे त्याला सांगायचंच नव्हतं.

भूक लागली होती. सकाळपासून पोटात काही नव्हतं. भाकरी येत नव्हती, म्हणून त्यांनी तांदूळ धुवून भात गॅसवर ठेवला, आणि पातेल्यापाशी उभं असताना सत्यभामा एकदा काय म्हणाली होती ते आठवलं. कुस्तुंतुनिया पडल्याची गोष्ट त्यांनी रंगवून सांगितली होती, तटबंदी, तोफा, शेवटचा बादशहा, आणि सगळं संपल्यावर तिनं विचारलं होतं, "मग दुसऱ्या दिवशी हो? जे मागं राह्यले, त्यांनी काय खाल्लं?" त्यांनी पुस्तकं पालथी घातली होती. लढाईचं होतं, लुटीचं होतं, दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं कुणीच लिहिलं नव्हतं. मग त्यांनी तिला सांगितलं होतं की ते कळायला मार्ग नाही.

पाण्याला आधण आलं. झाकण वाजायला लागलं, ते त्यांनी बाजूला केलं. मार्ग आहे. घरात जे असेल तेच खाल्लं असेल गं. स्वतःच शिजवलं असेल, कमीजास्त, करपलेलं. आणि इतक्या वर्षांनी उत्तर मिळालं तर ते कुणाला सांगावं हे न कळून, पातेल्यातूनच खाल्लं असेल, उभ्या उभ्या.