उतरायचा फासा

टक्क!

दुपारची वेळ. झोळीत बाळ नुकतंच झोपलेलं, घर चिडीचूप, आणि तेवढ्यात वीस बाजूंचा फासा स्टीलच्या ताटात पडला. खेळणाऱ्या तिन्ही मुलांनी आधी झोळीकडं पाहिलं, मग फाशाकडं. ताटाशेजारी मी पंख पसरून उभी होते.

मित्रांनो, मी कापसाचं एक जुनं, वाळलेलं बोंड आहे. हदगावकडच्या एका रानात, पऱ्हाटीवर, म्हणजे कापसाच्या झाडावर, माझा जन्म झाला. कापूस वेचला गेला आणि चार पाकळ्यांचं रिकामं टरफल तेवढं मागं उरलं. पऱ्हाटीबरोबर चुलीत जायचं, एवढंच माझ्या नशिबी होतं. पण माहेरी आलेल्या पंचशीलाताईनं मला अलगद खुडलं. तिची लेक लुंबिनी म्हणाली, "आई, हिला तर पंख हायेत!"

अशी मी लातूरला आले. लुंबिनीचं घर तिथं नवं होतं आणि तिला एकही मैत्रीण नव्हती. म्हणून ताईनं आपल्या भावाकडून शिकलेला एक खेळ मांडला. या खेळात गोष्ट ताई सांगते, पण पुढं काय करायचं ते मुलं ठरवतात. प्रत्येकाचं एक पात्र असतं. बेत जमला का फसला, ते फासा सांगतो. मोठा आकडा पडला तर जमला, लहान पडला तर फसला. खालच्या मजल्यावरचा वीरभद्र झाला कुऱ्हाडवाला बुटका. त्याच्यासाठी एक शर्टाचं बटण ठेवलं. त्याची बहीण ऋतुजा झाली वैदू, म्हणजे एक चिंचोका. लुंबिनीनं मला उचललं. "मी पाखरी. मी उडणार."

सुरुवातीला माझं लई कौतुक झालं. नदी आली, मी उडाले. भिंत आली, मी उडाले. राक्षसाचा हात माझ्यापर्यंत पोचेना. बटण आणि चिंचोका मात्र अलीकडच्या काठावरच बसून राहायचे.

"सगळं हिलाच जमतंय," एक दिवस वीरभद्र म्हणाला. "आम्ही काय नुसतं माना वर करून बघायचं? मान आखडली माझी."

"आम्ही न्हाई येणार आता," ऋतुजानं चप्पल घातली.

लुंबिनीचा चेहरा एवढासा झाला. या दोघांशिवाय तिला कुणी नव्हतं.

ताई घाबरली. लहानपणी तिनं ज्वारी राखलेली. पाखरू दिसलं की ताट बडवायचं, गोफण फिरवायची, हीच हाताची सवय. दोघांना कसंबसं थांबवून गोष्टीतही तिनं तेच केलं. मी उडाले की वादळ आलं. पुन्हा उडाले की गोफणीचा दगड आला. दर डावात मी खाली. बुटका आणि वैदू दोन दिवस हसले, पण पडलेल्या पाखरीला उचलण्यापलीकडं त्यांनाही काही काम नव्हतंच.

"आई, सगळे दगड मलाच का गं?" लुंबिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. "मला पंखच नको. मला पण बटण दे."

तिनं मला दोऱ्याच्या डब्यात टाकलं. माझी एक पाकळी तडकली. डबा बंद झाला. खेळही बंद झाला. अंधारात सुयांच्या शेजारी पडून मी रोज कान देऊन असायचे. पण वर फासा काही वाजायचा नाही.

मग एका सकाळी नळाला पाणी आलं. ताई बटण शिवायचा दोरा शोधत आली आणि मी तिच्या हाताला लागले. ती मला बघतच राहिली. तिकडं घागर भरून वाहत होती, तरी तिला भान नव्हतं. "जे ताट वाजवून पाखरं हाकलली," ती हळूच म्हणाली, "तेच त्यांना बोलवायला वाजवलं तर?"

तिनं माझी पाकळी डिंकानं चिकटवली आणि खाली जाऊन दोघांना बोलावून आणलं. "एकच डाव खेळा. न्हाई आवडला तर उद्यापासून बंद."

नवा नियम असा: वर जायचा फासा पाखरीचा, उतरायचा फासा खालच्यांचा. या डावात तिघांना किल्ल्यात शिरायचंय, पण किल्ल्यावर मध्येच दाट धुकं येतं. खालून ताट वाजलं, तरच पाखरीला परतीची वाट सापडते.

"अन् आमचा फासा फसला तर?" वीरभद्रनं विचारलं.

"तर ती धुक्यातच राहती."

वीरभद्र पुढं सरकून बसला.

त्याच दुपारची ती टक्क. लुंबिनीचा फासा चांगला पडला आणि मी उडाले. वरून मला किल्ल्याचा चोरदरवाजा दिसला. पण तो सांगायला खाली यायला हवं होतं, आणि धुकं दाटलं. वीरभद्र एका बोटानं ताट वाजवू लागला. टिक, टिक.

"अरे जोरात वाजव की, लई लांब हाय ती!" ऋतुजा कुजबुजली.

"बाळ उठंल ना!"

"उठू दे!" लुंबिनी ओरडली.

धाण्णकन ताट वाजलं. बाळ रडायला लागलं. त्या रडण्यातच वीरभद्रनं फासा टाकला, आणि सतरा पडले.

"उतरली! उतरली!" त्यानं दोन बोटांत धरून मला बटणाशेजारी ठेवलं. इतक्या हळू मला आजवर कुणीच ठेवलं नव्हतं. "मावशी, उद्या कधी यायचं?"

मित्रांनो, माझ्या पाकळ्या आता ठिसूळ झाल्यात. खेळ झाला की मला हळू उचला. आणि तुमच्यातल्या एखाद्याला पंख असतील, तर त्याला दगड मारू नका. त्याच्यासाठी खाली ताट वाजवत थांबा. पंखवाल्यानंही खाली कोण थांबलंय, ते विसरू नये.

संध्याकाळी ताई बाळाला थोपटत होती. लुंबिनीनं डब्यात कापूस अंथरला, मला त्यावर ठेवलं आणि विचारलं, "आई, मी मोठी होऊन लई लांब गेले, अन् तू ताट वाजवलंस, तर मला ऐकू येईल का गं?"

बाळाला थोपटता थोपटता ताईनं दुसऱ्या हातानं ताट जवळ ओढून घेतलं.