तीन गाठी, पंधरा खडे

"मावशी, ओ मावशी, कितीक झाले?"

बोअरच्या ओट्यावरून बागमालक हिरामणनं हाक मारली आणि मथुराबाईचं पाऊल केळीच्या रोपाशी अडलं. मोजणाऱ्या बाईला मधेच हाक मारू नये, एवढं बहादरपुरात शेंबड्या पोरालाही कळतं. पण हिरामणला घाई होती. कालच लावलेल्या रोपांना औषध पाजायचं, तर आधी रोपांचा आकडा हवा. शिवाय सकाळीच तो म्हणाला होता, "मावशी, ह्या बारीले मोजनी चुकली ना, त पुढच्या बागेत आमचा पोरगा रितेश ड्रोननं मोजीन."

मथुराबाई नुसता हात हलवून पुढे गेली. चाळीस वर्षं नव्या बागेत मोजणीचं पहिलं पाऊल तिचंच पडत आलं होतं. निंदायला आता कंबर वाकत नव्हती. हे काम गेलं की बागेत तिला बोलावणार कोण?

मोजणीची रीत तिनं स्वतःच बसवलेली. डाव्या पिशवीत तापीतले वीस खडे. वीस रोपं झाली की एक खडा उजव्या पिशवीत. वीसही खडे तिकडे गेले की पदराला एक गाठ मारायची आणि खडे परत डावीकडे. गाठ म्हणजे चारशे, खडा म्हणजे वीस, एवढं तिच्या नवऱ्यानं पाठ करून दिलं होतं. गाठी मात्र ती कमरेला खोचून लपवायची. अंगठेबहाद्दराची खटपट चारचौघांना कशाला दाखवा, असं तिला वाटे.

हाक आली तेव्हा तिसरी गाठ मारून झाली होती. शेवटचं रोप मोजून ती बांधावर आली. नात भूमिका वही घेऊन तिथे कोपऱ्यावर बसली होती. चौथीतली पोर, रविवारची आजीच्या मागे आलेली.

"तीन गाठी, चौदा खडे, वर बारा," मथुराबाई पुटपुटली. "चौदाशे ब्यान्नव."

"गलत आहे आजी. पंधराशे बारा होते."

"तू त जागची उठलीबी नाई."

"उठाचं कामच नाई. ह्या बाजूनं ओळी मोजल्या, बेचाळीस. त्या बाजूनं एका ओळीतले रोपं, छत्तीस. सगळ्या ओळी सारख्याच आहेत ना? मंग गुणाकार केला." भूमिकानं वही पुढे केली. "वीसचा फरक आहे. विसाले एक खडा टाकते ना तू? म्हंजे तुहा एक खडा कमी आहे."

मथुराबाईनं दोन्ही पिशव्या बांधावर ओतल्या. खडे एकोणीसच भरले.

"हिरामनकाकानं आवाज दिला, तेव्हा तू कुठं होती?"

दोघी बोअरजवळच्या ओळीत गेल्या. ठिबकच्या नळीखाली, ओल्या मातीत, काळा खडा पडलेला होता.

मथुराबाई तिथेच खाली बसली. पोर बांधावरून हलली नव्हती, आणि शेतात खडा पडलाय हे तिला वहीतून कळलं होतं. देवळाच्या गाभाऱ्यात आल्यासारखं तिला वाटलं.

बसताना कमरेचा पदर सुटला. तिनं घाईनं तो मुठीत घेतला.

"हे काय आजी?"

"काई नाई. अडान्याचं काम. वीस खडे झाले का बांधते."

भूमिकानं तिची मूठ उघडली. तीनही गाठी बोटांनी चाचपल्या, मग वहीतला गुणाकार पाहिला, मग पुन्हा गाठी.

"आजी, हा त हातचा आहे."

"हातचा म्हंजे?"

"दहा झाले का एक पुढच्या घरात जातो ना, तो. मॅडमनं पूरा महिना शिकवला, मले आत्ता कुठं समजला. तू विसाचा घेतला. तुले कोनं शिकवला?"

"कोनं शिकवनार? एवढे खडे कोन वागवन, म्हनून गाठ मारली."

भूमिका आजीकडे अशी बघत होती, की आजीलाच लाजल्यासारखं झालं.

"म्हंजे शाळेतबी हेच शिकोतात?" मथुराबाईनं हळूच विचारलं.

"हाव. हेच."

"मावशी, झालं का?" हिरामणनं पुन्हा हाक मारली.

मथुराबाई नातीच्या खांद्याला धरून उठली आणि त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"पंधराशे बारा. एक खडा पडला होता माह्या हातून. पोरीनं काढून देल्ला."

हिरामण तिच्या पदराच्या गाठींकडे पाहत राहिला. चाळीस वर्षांत त्या बागेत कुणी पाहिल्या नव्हत्या. मथुराबाईनं पदर खोचला नाही.