आईने सांगितलेलं माझं बाळंतपण

कळा सुरू होऊन चौदा तास झाले तेव्हा मी भुलीच्या डॉक्टरीणबाईंना म्हणाले, "आता पुरे. द्या ते कमरेतलं इंजेक्शन." त्यांनी मला कुशीवर वळवलं, गुडघे पोटाशी घ्यायला लावले, पाठीवर गार बोळा फिरवला. वीसेक मिनिटांत कळा लांब गेल्या, शेजारच्या घरात कुणी कपाट सरकवावं इतक्या लांब. मी दीड तास झोपले. मग उठले, जोर लावला आणि मुलगी झाली. एवढीच हकीकत. घरात ती मला, नवऱ्याला आणि आईला माहीत होती.

आई माझ्याकडे दीड महिन्यासाठी राहायला आली होती. तिने येताच स्वयंपाकघर ताब्यात घेतलं आणि चार दिवसांनी माझी हकीकतही.

पहिल्या आल्या खालच्या मजल्यावरच्या शिवणकाम करणाऱ्या काकू. गळ्यात टेप तसाच. बाळाच्या आधी त्यांनी मला पाहिलं.

"नॉर्मल?"

"नॉर्मल," मी म्हणाले.

"इंजेक्शनबिंजेक्शन नाही ना घेतलं? आजकालच्या मुली लगेच मागतात."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात आई दारातून म्हणाली, "छे! अठरा तास कळा दिल्या पोरीने. दात-ओठ आवळून सोसलं, पण इंजेक्शनाचं नाव नाही काढलं."

मी उशीवर एका अंगाला कलून बसले होते, कारण टाके ओढत होते. बाळ दूध ओढत होतं. वाद घालायला जीवच नव्हता अंगात. म्हटलं, जाऊ दे.

ते जाऊ दिलं आणि फसले. येईल त्या प्रत्येकीला आई सांगत गेली आणि आठवड्याभरात माझ्या कळा अठरा तासांवरून बावीसवर गेल्या. समोरच्या बिऱ्हाडातल्या बाई आल्या, तोवर मी म्हणे डॉक्टरांनाच धीर दिला होता. नवऱ्याला मी म्हणाले, "तिला सांग ना जरा." तो बाळाची दुपटी वाळत घालत होता. "कौतुकच करतायत ना लोक," तो म्हणाला, "चालू दे." खोटं कशाला बोलू, एक-दोनदा मलाही बरं वाटलं. दमलेल्या माणसाला कौतुक कुठून येतंय ते तपासायचं सुचत नाही.

तिसऱ्या आठवड्यात काकू दुपारच्या पुन्हा आल्या. या वेळी सुनेला घेऊन. तिला नववा लागला होता. पाय इतके सुजलेले, की नवऱ्याच्या सपाता घालून जिना चढली होती. बसताना तिने खुर्चीचा हात धरला आणि मग सोडलाच नाही.

"सांग बाई हिला जरा," काकू म्हणाल्या. "परवा डॉक्टरकडे जाऊन विचारून आली, इंजेक्शन मिळेल का म्हणून. मी म्हटलं, वरची पोर बघ. अंगात मूठभर मांस नाही, पण बावीस तास हूं की चूं केलं नाही. एवढंही सोसायचं नसेल तर आई व्हायचं कशाला?"

सून "हो," म्हणाली. मग पुन्हा "हो." मी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. ज्यांना चष्मा नको असतो ती माणसं भिंतीवरच्या तक्त्यावरची अक्षरं पाठ करून येतात आणि न बघता घडाघडा म्हणतात. तिचं "हो" तसलं होतं.

आई चहाचा ट्रे घेऊन आली. "सोसलं की होतं सगळं," ती म्हणाली. "माझ्या पोरीने..."

"काकू, मी इंजेक्शन घेतलं होतं," मी म्हणाले.

काकूंनी आधी माझ्याकडे आणि मग आईकडे पाहिलं.

"अगं, ते सलाइनमधलं..." आई म्हणाली.

"सलाइनमधलं नाही, आई. कमरेतलं. मीच मागितलं. चौदा तासांनी."

आईने ट्रे टेबलावर ठेवला. एक कप पुढे केला, पुन्हा मागे घेतला, कुणाला द्यायचा ते विसरल्यासारखा.

"मग कंबर?" काकूंनी विचारलं. "कंबर जन्माची जाते म्हणतात."

"दुखते. नऊ महिने पोट वाहिलं, आता दिवसातून वीस वेळा पाळण्यात वाकते. कशाने दुखते ते मला नाही सांगता यायचं."

तेव्हा सून पहिल्यांदा स्वतःहून बोलली. "टोचताना फार दुखतं?"

मी तिला होतं ते सगळं सांगितलं. आधी डास चावल्यासारखं, मग पाठीत दाब. पाय जड होतात. मला थंडी वाजली, अंगाला खाज सुटली. माझ्या मैत्रिणीला दोनदा टोचावं लागलं आणि तरी एका बाजूला दुखतच राहिलं. "घे असंही नाही म्हणत, नको असंही नाही," मी म्हणाले. "पण मागितलंस तर त्यात लाज नाही."

काकू उठल्या. "बरं झालं बाई, खरं कळलं," त्या म्हणाल्या आणि निम्मा चहा तसाच ठेवून सुनेला घेऊन गेल्या. संध्याकाळी समोरच्या बाई जिन्यात भेटल्या आणि मला न पाहिल्यासारखं करून निघून गेल्या.

आई दोन दिवस कामापुरतं बोलली. "पाणी तापलंय." "बाळ जागं झालंय." तिसऱ्या दिवशी दुपट्यांच्या घड्या घालताना म्हणाली, "चारचौघांत मला खोटारडी ठरवलंस."

"तू सांगत तरी का होतीस?"

ती घड्या घालत राहिली.

"तुझ्या वेळी मी ओरडले," ती म्हणाली. "फार ओरडले. तुझी आत्या बाहेर बाकावर बसली होती. मी घरी आले त्या दिवशी तिने सगळ्यांना नक्कल करून दाखवली, वहिनी कशी ओरडली त्याची. सगळे हसले. तुझे बाबाही. मीही हसले, काय करणार. मग ते चालूच राहिलं. कुणी पाहुणे आले की, कर गं ती नक्कल. तू चालायला लागलीस तरी चालूच."

"तू कधी बोलली नाहीस."

"काय बोलायचं? ओरडले होते म्हणून?" तिने एक दुपटं उलगडून पुन्हा घडी घातली. "तुझ्याकडे बघून कुणी हसू नये, एवढंच होतं माझ्या मनात."

आत्या नकला फार छान करायची. लहानपणी मीच तिच्या मागे लागायचे, आत्या, कर ना. त्यातली ही नक्कल मी कधी पाहिली असेल का, पाहून हसले असेन का, ते आठवायचा मी खूप प्रयत्न केला. आठवलं नाही. आईला विचारायचा धीर झाला नाही.

काकूंची सून पुढच्या महिन्यात बाळंत झाली. तिने इंजेक्शन मागितलं होतं, पण भुलीचे डॉक्टर दुसऱ्या ऑपरेशनमध्ये अडकले होते आणि ते येईपर्यंत बाळाचं डोकं दिसायला लागलं होतं.

ती घरी आल्यावर आई म्हणाली, "चल, बघून येऊ." आपण होऊन म्हणाली. आम्ही गेलो तेव्हा बाहेरच्या खोलीत शिलाई मशीनपाशी दोघी पाहुण्या बसल्या होत्या आणि काकू त्यांना सांगत होत्या, "एक इंजेक्शन नाही घेतलं. हूं की चूं नाही."

सून आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडली होती. आमच्या चाहुलीने वळली, तर डोळ्यांच्या पांढऱ्या भागात रक्ताच्या रेषा उतरल्या होत्या, जोर लावून लावून. आई पलंगाच्या कडेला बसली.

"ओरडलीस का गं?" तिने हळूच विचारलं.

सून दाराकडे बघून म्हणाली, "खूप."

"मीही ओरडले होते," आई म्हणाली आणि तिच्या कुशीतलं बाळ उचलून घेतलं. "झोप तू. हे राहतंय माझ्याकडे."

सून काहीतरी सांगायला लागली, बाळ दर दोन तासांनी उठतं असं काहीसं, आणि सांगता सांगताच तिचा डोळा लागला. बाहेर काकूंचं चालूच होतं. आई ते ऐकत बसली. उठून बाहेर गेली नाही. मीही गेले नाही. आम्ही दोघीही दमलो होतो आणि खोलीत झोपलेलं माणूस होतं.