माझ्या नावावरचे पॉइंट

नंबर मी सांगितला नाही. एवढंच केलं मी, आणि घर डोक्यावर घेतलं सगळ्यांनी.

सकाळचे सात वाजलेले. मी कणीक मळत होते. मुग्धा मॅडम हॉलमधून ओरडल्या, "मावशी, तुमच्या फोनवर नंबर आलाय, सहा आकडी. पटकन सांगा!"

असे नंबर मी सहा-सात वर्षं सांगत आलेय. कधी कणकेच्या हातांनी, कधी मोरीतून ओरडून. कशाचा नंबर, ते मी विचारलं नाही आणि कुणी सांगितलं नाही. फोन साहेबांनी घेऊन दिलेला, तेव्हा त्यात येईल ते साहेबांचं, असं धरून चालले होते. चूक माझी. कबूल.

पण त्या दिवशी मी मेसेज वाचला. इंग्रजी मला बोलता येत नाही, वाचता येतं. मॅडमच्या थोरल्या वैभवीकडून एबीसीडी मी गिरवून घेतली, तेव्हा मीही गिरवली. मेसेज विमान कंपनीचा होता. डिअर ठकुबाई, तुमचे पन्नास हजार पॉइंट वापरायचे तर हा नंबर द्या. 'तुमचे' लिहिलं होतं. शिवाय ठकुबाई. बारा वर्षांत या घरात ते नाव कुणी उच्चारलं नव्हतं. मी 'मावशी'. मला वाटतं धाकट्या शुभ्राला तर माहीतही नसेल की मला नाव आहे.

"कसले पॉइंट?" मी विचारलं.

"अहो, एअरलाइनचे! पाच मिनिटांत एक्स्पायर होतो नंबर. सांगा ना."

"माझ्या नावावर आहेत?"

"टेक्निकली. पण फॅमिली अकाउंट आहे ना आपलं."

"आपलं म्हणजे?"

मॅडम किचनच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. टॉवेल गुंडाळलेलं डोकं, हातात फोन. "मावशी, मला साडेसातला निघायचंय. पुढच्या आठवड्यात पुण्याला लग्नाला चाललोय, मी आणि राजन बिझनेस क्लासला अपग्रेड करतोय. नंबर सांगा, बाकीचं संध्याकाळी समजावते."

"मग संध्याकाळीच सांगते नंबर," मी म्हटलं, आणि पोळपाट ओढला.

त्या अशा बघत राहिल्या जणू फ्रिज बोलला.

संध्याकाळपर्यंत कोण थांबतंय? दुपारी वैभवी शाळेतून आल्यावर तिला जेवायला वाढलं आणि फोन तिच्यापुढे ठेवला. ही पंधरा वर्षांची. तीन वर्षांची होती तेव्हा मी आले. पोरगी मराठीत ऐकते आणि इंग्रजीत बोलते.

"ओह, दॅट्स अवर फॅमिली पूल," ती म्हणाली. सगळ्यांच्या प्रवासाचे पॉइंट एका ठिकाणी जमा होतात. माझे पण. वर्षातून एकदा मुंबई, आजवर दोनदा लंडन, मागच्या उन्हाळ्यात टोरोंटो. प्रत्येक वेळी साहेब आणि मॅडम बिझनेस क्लासच्या पडद्यापुढे, मी दोन पोरींना घेऊन पडद्यामागे. टोरोंटोला चौदा तास शुभ्रा माझ्या मांडीवर होती, मी लघवीलासुद्धा उठले नाही. त्या चौदा तासांचे पॉइंट मिळतात, हे मला माहीत नव्हतं. पुढे झोपलेल्यांना माहीत होतं.

"माझं नाव कसं घातलं गं? फॅमिलीत कामवाली चालते?"

वैभवीने स्क्रीन सरकवली आणि हसायला लागली. "मम्माने लिहिलंय, रिलेशन: आंट. यू आर डॅडीज मावशी."

साहेब बेचाळीस वर्षांचे, मी पन्नास. आठव्या वर्षी भाचा झाला मला.

साहेब-मॅडमचे स्वतःचे पॉइंट टोरोंटोत संपले होते. पूलमध्ये शिल्लक होते ते बहुतेक माझे. साडेएकसष्ट हजार.

"यात काय काय येतं?" मी विचारलं.

तिने बघून सांगितलं. मिक्सर येतो. दोन सुटकेस येतात. मुंबईहून इथे येऊन परत जायचं तिकीट येतं एका माणसाचं. आणि माझं आधीच काढलेलं मुंबईचं तिकीट आहे, ते फर्स्ट क्लास होतं. बिझनेस नाही, त्याच्याही पुढचा. सगळ्यात पुढचा. अठ्ठावन्न हजार.

"तीन तासांसाठी? दॅट्स सो नॉट वर्थ इट," वैभवी म्हणाली. लेकरू खरंच हिशेबाने बोलत होतं.

मिक्सरचा विचार मी केला नाही. पण त्या इथे येण्याच्या तिकिटाने मला पकडलं. माझी सोनम रत्नागिरीला नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. आई बारा वर्षं कुठे राहते ते तिने पाहिलेलं नाही. दुबईजवळचा हा अल मजाजचा तलाव, त्यातलं कारंजं, हे तिला फोटोतच माहीत. मी तिला फोन लावला. म्हटलं, तुला आणते. आठ दिवस ये.

"राहू कुठे?" तिने विचारलं.

"माझ्या खोलीत," मी म्हटलं.

"आई, वॉशिंग मशीनच्या बाजूच्या तुझ्या खोलीला खिडकी नाही, असं तूच सांगितलंस. तलाव त्यांच्या हॉलमधून दिसतो. मी येऊन काय त्यांच्या हॉलमध्ये बसू? का तुझ्याबरोबर भांडी घासू?"

"तसं नाही गं."

"मग कसं? तू बस पुढे. अगदी नाकावर जाऊन बस. आणि फोटो पाठव, हॉस्टेलभर दाखवते."

ही पोरगी माझ्यावर गेलीय, हे मला त्या दिवशी कळलं.

संध्याकाळी मॅडम उशिरा आल्या, त्यामुळे नंबरचं राहूनच गेलं. तरी मी लगेच काही केलं नाही. एक दिवस घेतला. सगळ्या बाजूंनी घोळवलं. पन्नाशीच्या विधवेनं असल्या खुर्चीत बसून काय दिवे लावायचे? आणि जानेवारीत माझा व्हिसा रिन्यू व्हायचा होता, सही साहेबांची. नोकरी जाऊ शकते. हे सगळं खरं होतं. पण प्रत्येक खऱ्या गोष्टीच्या शेवटी मला एकच दिसायचं: पडदा ओढणारा हात. दर वेळी विमान उडालं की कुणीतरी येऊन तो पडदा ओढतं. बारा वर्षं मी त्याची मागची बाजू बघतेय.

दुसऱ्या दिवशी दुपारी वैभवीने बटणं दाखवली, दाबली मी. आधी पूलमधून बाहेर पडायला लागतं. बटणावर लिहिलं होतं, 'लीव्ह फॅमिली'.

"मावशी, इट्स जस्ट अ बटन," वैभवी म्हणाली. तिचा आवाज जरा बारीक झाला होता.

"माहितीय गं बाय," मी म्हटलं आणि दाबलं.

नंबर आला. माझ्याच फोनवर. मीच वाचला, मीच टाकला. चोरून करायचं नव्हतं, म्हणून रात्रीच्या जेवणाला सगळे बसल्यावर, वाढता वाढताच सांगितलं.

"माझे पॉइंट मी माझ्या तिकिटाला लावले. पंधरा तारखेला मी फर्स्ट क्लासने येतेय."

साहेबांचा घास हातात राहिला. मॅडम आधी हसल्या. मला वाटतं चेष्टा आहे असं वाटलं असेल. मग त्यांनी फोन उघडला, आणि हसू गेलं.

"मावशी, हे काय केलंत? अहो, विचारायचं तरी!"

"तुम्ही मला कधी विचारलंत?"

"आम्ही तुम्हाला घरचं समजतो हो..."

"कागदावर तर साहेबांची मावशीच आहे मी. मावशी पुढे बसली तर लाज कसली?"

साहेब पाणी प्यायले. राजन साहेब ओरडणारे नाहीत, हळू बोलून कापणारे. "मावशी, ही तिकिटं आम्ही काढतो. आमच्या पैशाने मिळालेले पॉइंट आहेत ते. थोडी ग्रॅटिट्यूड असावी माणसाला."

"तिकीट तुम्ही काढता, कारण पोरी सांभाळायला कुणीतरी लागतं. मला लंडन बघायचं नव्हतं. लंडनमध्ये मी बघितलं काय? बेसिन."

"तीन तासांसाठी साठ हजार उडवले!" मॅडम म्हणाल्या. "किती वेस्ट आहे हे कळतंय का? तुम्हाला हवं तर मी दोन हजार दिरहॅम देते, म्हणजे जवळजवळ पन्नास हजार रुपये होतात. कॅन्सल करा."

"तुम्ही दोघं तेच तीन तास पुढे बसणार होतात, तेव्हा वेस्ट नव्हतं?"

"व्हिसा जानेवारीत आहे," साहेब म्हणाले. "लक्षात असू द्या."

"आहे. तुम्ही दोघं साडेसातला घर सोडता आणि शुभ्राची शाळा साडेबाराला सुटते, हेसुद्धा लक्षात आहे. आमटी वाढू?"

कुणी आमटी घेतली नाही. मी घेतली, दोन वाट्या.

पंधरा तारखेला दुबई विमानतळावर ते चौघं लांबलचक रांगेत उभे राहिले. माझ्या रांगेत मी एकटी. काउंटरवरच्या मुलीने पासपोर्ट बघितला, मला बघितलं, पुन्हा पासपोर्ट बघितला. "मॅडम, धिस इज फर्स्ट क्लास," म्हणाली. "येस," म्हटलं मी. आणखी काही म्हणायचं असतं तर तिनेच म्हणावं, म्हणून थांबले. नाही म्हणाली काही.

सीट म्हणजे काय सांगू. स्वर्ग वगैरे नाही. मोठी खुर्ची आहे, पाय पसरता येतात, दरवाजा ओढता येतो. खजूर आणि अरबी कॉफी आली, गरम टॉवेल आला. मला वाटलं होतं रडू येईल. उलट राग आला. एवढंच होतं पडद्यापुढे? यासाठी इतकी वर्षं माझ्या नावाचे नंबर मागितले यांनी? जेवणात मासा होता. आमच्या जैतापूरच्या बंदरावर असा मासा मांजराने सोडला असता. तरी सगळा खाल्ला. फोटो काढून सोनमसाठी ठेवला.

अडीच तास झाले असतील, मागून रडणं ऐकू आलं. शुभ्राचं. ते रडणं मी हजारात ओळखीन. आधी कुरकुर, मग "मावशी पाहिजे", मग किंचाळणं. बरंच लांब होतं, पण येत होतं. ऐकू आलं नाही, असं मी सांगणार नाही.

थोड्या वेळात हवाई सुंदरी आली. आपलीच पोर, मुंबईची असावी. खाली वाकून हळूच म्हणाली, "मॅम, पीछे एक लेडी हैं, कह रही हैं आप बच्ची की नॅनी हो. बच्ची चुप नहीं हो रही. आप थोडी देर पीछे बैठेंगी? आपकी सीट पर वो बैठ जाएँगी तब तक."

बघा. सीट रिकामी राहू नये, याचीही सोय लावली होती मॅडमनी.

माझे पाय उठायला निघाले होते, खरं सांगते. त्यांना सवय आहे. पोरीने एकदा हाक मारली की ते माझं ऐकत नाहीत. मी दोन्ही हातांनी खुर्चीचे दांडे धरले.

"मेरा छुट्टी आज से चालू है," मी म्हटलं. "साहेबांनीच रजेच्या कागदावर पंधरा तारीख घातलीय. प्रवासाचा दिवस माझ्या रजेतून कापलाय त्यांनी. उनको बोलो, छुट्टी में काम नहीं करती."

तिला हसू आलं, तिने ते गिळलं. "शुअर, मॅम?"

"शुअर."

ती वळली. मागे शुभ्राचा आवाज चिरकायला लागला होता. विमान खाली उतरायला लागलं होतं, माझ्या कानांना कळलं ते. आणि मग मला कळलं पोर कशासाठी रडतेय.

"ए बाय, थांब," मी तिला परत बोलावलं. "मुलीचे कान दुखतात उतरताना. तिच्या आईला सांग, बॅगेच्या बाहेरच्या खिशात निळी बाटली आहे. स्ट्रॉने पाणी पाजा, घोट घोट, आणि डावा कान छातीशी दाबून धरा. डावा. चार वर्षं मी धरतेय. आता आईला जमायला पाहिजे."

तिने एकेक शब्द पुन्हा म्हणून घेतला आणि गेली.

मी हात दांड्यांवरून काढले नाहीत. रडणं चाललं होतं. मग मधे मधे तुटायला लागलं, मग हुंदके, मग काही नाही. खाली मुंबईची झोपडपट्टी निळ्या ताडपत्र्या घालून वर येत होती. समोरच्या पेल्यात लिंबूपाणी उरलं होतं. ते मी संपवलं, आणि उतरेपर्यंत पाय लांब करून बसले.