राणीची परटीण

"सप्टेंबरअखेर, मायकेलमसच्या सणाला, राणीचे महिन्याच्या पाळीचे कपडे धुवायला आले होते की नाही, एवढंच सांग," चौकशीला आलेला कारकून तिसऱ्यांदा म्हणाला.

थॉमसिनने राखेच्या पाण्याने सोलवटलेले हात एप्रनखाली लपवले. ग्रीनिचच्या राजवाड्यात ती अकरा वर्षं धुणं धूत होती. आधीच्या राणीचं, मग हिचं.

"आठवत नाही, साहेब. ढीगभर धुणं असतं."

"अ‍ॅविसला बरं आठवतं! गुत्त्यात बसून तूच सगळ्यांना सांगत होतीस म्हणे."

अ‍ॅविस धुण्यावरची तिची जोडीदारीण. तिने तोंड उघडलं म्हणजे संपलंच.

राणीला दिवस गेले की राजाच्याही आधी कळायचं ते परटिणीला. थॉमसिनला आयुष्यात मान म्हणावा असा हा एवढाच. पहिल्या खेपेला कपडे यायचे थांबले तेव्हा तिने अवाक्षर काढलं नव्हतं. मग राजाने हिच्याशी घाईघाईत लग्न उरकलं, हिच्या डोक्यावर राणीचा मुकुट चढला, आणि नदीकाठच्या गर्दीत उभी राहून थॉमसिन घरचं कार्य असावं तशी रडली. पण झाली मुलगी. राजाला हवा होता मुलगा. गेल्या मायकेलमसला पुन्हा कपडे आले नाहीत, आणि दोन घोट पोटात गेल्यावर थॉमसिनची जीभ सुटली, "या महिन्याला काही नाही गं बायांनो! वारस येतोय!" जानेवारीत गर्भ पडला. मुलगा होता. आता मे महिन्यात राणी टॉवरच्या किल्ल्यात कैदेत होती, आणि तिच्या नावाशी परपुरुषांची नावं जोडली जात होती.

"त्याआधीचा महिनाभर राजेसाहेब शिकारीला लांब होते," कारकून म्हणाला. "आणि राणी इथे. आता कळलं, का विचारतोय ते?"

थॉमसिनने एप्रनखालचे हात बाहेर काढून त्याच्यापुढे धरले.

"थापा मारल्या हो मी! आले होते कपडे. या हातांनी धुतले."

"मग ठेव बायबलवर हात. खोटं निघालं तर हाच हात तोडतात. पुढे धुणं कशाने धुशील?"

ती देवाला भीत होती, पण या माणसाला जास्त.

"नाही आले," ती म्हणाली. त्याने लिहून घेतलं. तिने खाली सही म्हणून फुली मारली, तीही वाकडी आली.

पंधरवड्याने टॉवरमधून राणीची एक सेविका आली.

"पांढरी टोपी हवीय. केस वर घट्ट बसतील, मान मोकळी राहील अशी. उद्या सकाळपर्यंत."

राणीला शिरच्छेदाची शिक्षा झाल्याचं थॉमसिनने ऐकलं होतं.

"माझ्याकडेच का पाठवलं?"

"थॉमसिनने धुतलेलं अंगाला टोचत नाही, म्हणाल्या."

म्हणजे फुलीचं राणीला ठाऊक नव्हतं. असतं तर बरं झालं असतं, असं थॉमसिनला वाटलं. तिने टोपीला राखेचं पाणी लावलंच नाही. स्वच्छ पाण्यात सात वेळा धुतली, वाळल्यावर गोट्याने घासून मऊ केली आणि शिवण गालाला लावून पाहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत सगळं आटोपलं. मेलेल्याच्या अंगावरचे कपडे जल्लादाच्या हक्काचे, ते परत येत नाहीत, हे ग्रीनिचमध्ये सगळ्यांना माहीत होतं. थॉमसिनलाही होतं. तरी तिने पाणी तापत ठेवलं.