तुलनेची वस्ती

मिठागराच्या वस्तीत तिला सगळे मोजणीवाली म्हणत. ऑफिसात ती फील्डवाल्या बाई होती आणि भावंडांत धाकटी. चव्वेचाळीस वर्षांच्या बाईला धाकटी म्हणणारी दोनच माणसं आता उरली होती, भाऊ आणि बहीण, आणि दोघंही दूर राहत. त्यांची लग्नं झाली, मग वडील अंथरुणाला खिळले. कुणीतरी घरी थांबायला हवं होतं, म्हणून ही थांबली. वडील बारा वर्षांनी गेले, आणि तोवर तिच्यासाठी स्थळ बघायचं राहून गेलंय हे कुणाच्या लक्षातही नव्हतं. खरं तर तिच्याही नव्हतं.

तिची खोली दुरुस्तीच्या दुकानांच्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर होती. खाली दिवसभर पत्रे ठोकणं, मोटारी उघडणं आणि एकमेकांच्या सात पिढ्यांचा उद्धार करणं चाले. सुरुवातीला त्या आवाजाने तिचं डोकं उठायचं. पुढे मात्र रविवारी दुकानं बंद असली की तिला करमेना. रविवारी दुपारी ती धुतलेली भांडी पुन्हा धुवायची.

काम मात्र चांगलं होतं. परदेशातून पैसा आला होता. खाडीकाठच्या बारा वस्त्यांतल्या शाळांत त्या पैशातून सकाळी दूध आणि खाणं मिळे, गोष्टींची पुस्तकं येत, वाचायला शिकवणारी एक जादा बाई असे. आणखी बारा वस्त्यांना यातलं काहीच मिळत नसे. त्यांची फक्त मोजणी व्हायची. दर सहा महिन्यांनी मुलांची उंची, वजन, दंडाचा घेर घ्यायचा आणि वाचनाचं कार्ड पुढे धरून किती वाचता येतं ते लिहायचं. मदतीने खरंच फरक पडतो का, हे ठरवायला मदत न मिळालेली मुलंही बघावी लागतात. कोणत्या वस्तीला काय मिळणार हे चिठ्ठ्या टाकून ठरलं होतं, आणि मिठागराची वस्ती तुलनेच्या बारांत निघाली होती.

प्रशिक्षणात साहेबांनी नियम सांगितले होते. काही द्यायचं नाही, काही शिकवायचं नाही, कसलं आश्वासन द्यायचं नाही. पेन्सिलसुद्धा नाही. मूल चुकलं तर चुकलं म्हणायचं नाही आणि बरोबर आलं तर शाबासकीही नाही. हात हलवत जायचं आणि आकडे घेऊन यायचं.

शाळा म्हणजे पत्र्याची एक खोली. मास्तर दुसऱ्या गावाहून यायचे, म्हणजे यायचे तेव्हा यायचे. जमीन उंचसखल, म्हणून ती आधी एक फळकूट ठेवायची, त्यावर गवंड्याची पाणसळ धरून सपाट आहे ना बघायची आणि मग वजनकाटा मांडायची. उंचीच्या फळीला पाठ लावून उभी राहिलेली पोरं टाचा उचलायची, कारण सगळ्यांनाच उंच व्हायचं असतं. ती गुडघ्यावर बसून एकेकाच्या टाचा हाताने खाली दाबायची. दुसऱ्या माणसाच्या अंगाला तिचा हात लागायचा तो एवढाच.

वस्तीतली तेवीस मुलं मोजणीच्या यादीत होती, त्यांत एक होती भिंगरी. एका जागी पाय ठरत नाही म्हणून हे नाव. आठ वर्षांची, काटकुळी. पहिल्या फेरीत तिला नुसती अक्षरं आली. दुसऱ्या फेरीतही अक्षरंच. त्या वेळी तिची आई दारात उभी होती. मीठ वाहून वाहून तिच्या पायांना भेगा पडल्या होत्या, आणि त्या भेगांत मीठ जाऊ नये म्हणून तिने चिंध्या बांधल्या होत्या. या मोजणीचा काय उपयोग, असं तिने विचारलं. मोजणीवालीने पाठ केलेलं उत्तर दिलं, की याचा पुढे सगळ्याच मुलांना फायदा होईल.

"पुढे म्हणजे कधी?" आई म्हणाली. "तोवर ही आई झालेली असेल."

भांडणाचा सूर नव्हता. दुकानात भाव विचारावा तसं तिने विचारलं होतं. मोजणीवालीने दंडाची फीत गुंडाळली.

तिसऱ्या फेरीला भिंगरी रांगेत सगळ्यांच्या पुढे येऊन बसली. कार्ड हातात घेतलं, ओळीवर बोट ठेवलं आणि धडाधड वाचू लागली. विहिरीवर गेलेल्या माणसाची गोष्ट, एकही शब्द न अडखळता. फक्त त्या कार्डावर विहीर नव्हतीच. कार्डं दर वेळी बदलत. मागच्या फेरीत एका मोठ्या मुलीने वाचलेला उतारा भिंगरीने ऐकून पाठ केला होता, सहा महिने घोकला होता, आणि आता ती बोट एका गोष्टीवरून फिरवत दुसरीच गोष्ट म्हणत होती.

संपल्यावर तिने वर बघितलं. "बरोबर आलं ना?"

नियमाप्रमाणे काही बोलायचं नव्हतं. मोजणीवालीने रकान्यात "अक्षरं" लिहिलं आणि पुढच्या मुलाला बोलावलं.

बसमध्ये तिला ते बोट दिसत राहिलं. त्याच रविवारी, आपलं फळकूट तिकडेच राहिलंय असं स्वतःलाच सांगून ती वस्तीत गेली. फळकूट खोलीत पलंगाखाली होतं, हे तिला पक्कं माहीत होतं. पुढे या गोष्टीचा विचार करताना तिने स्वतःला कधी फसवलं नाही. पोरांची दया येत होती हे खरं, पण दया तर आधीही येत होती. रविवार जाता जात नव्हता, म्हणून ती गेली.

मग दर रविवारी जाऊ लागली. शाळेला कुलूप असायचं, म्हणून पत्र्याच्या सावलीत बसायचं. पुस्तकं न्यायची तिची हिंमत झाली नाही. पुडक्यांचे कागद, औषधाच्या खोक्यांवरची अक्षरं, जुनी वर्तमानपत्रं, जे मिळेल त्यावर शिकवलं. ओल्या मिठाच्या थरावर काडीने शब्द लिहिले तर उन्हात वाळून ते तसेच राहतात, हे पोरांनीच शोधून काढलं. मग बांधाच्या कडेने सगळीकडे शब्द दिसू लागले. त्यातले काही सभ्य नव्हते. मुकादमाच्या नाकावर एक पूर्ण वाक्य होतं आणि ते शुद्ध होतं.

पहिल्या महिन्यात सातआठ मुलं यायची, नंतर अठरा-वीस. चौथ्या-पाचव्या रविवारी कुणीतरी तिला आत्या म्हणालं आणि मग सगळीच म्हणू लागली. तिला सख्खे भाचे होते, भावाचीच दोन मुलं, पण त्यांनी आपणहून कधी फोन केला नव्हता. घरी आल्यावर तिचे पाय दुखायचे. त्या दिवशी जेवण नीट जायचं आणि झोपही लागायची.

चौथी फेरी झाली, पाचवी झाली. पाचवीत भिंगरीने नवं कार्ड हातात घेतलं आणि सावकाश, एकेक शब्द फोडत, शेवटपर्यंत वाचलं. हरवलेल्या शेळीची गोष्ट होती. वाचून झाल्यावर ती म्हणाली, शेळी सापडली हे लिहिलंय पण कुठे सापडली ते लिहिलंच नाही. मोजणीवालीने रकान्यात "गोष्ट" लिहिलं. तेवीसपैकी सोळा मुलांपुढे तिने तोच शब्द लिहिला. खोटं लिहायचा विचार मनात आला नव्हता असं नाही. पण मुलांनी कमावलेलं आपल्या हाताने पुसायचं तिला जमलं नाही. चोवीस वस्त्यांतली एक वस्ती, कोण बघतंय, असंही वाटलं.

बघणारं माणूस होतं. अभ्यास चालवणारी परदेशी बाई सहा आठवड्यांनी आली. पन्नाशीची, उन्हाने लाल झालेली, हळू बोलणारी. तिने मोजणीवालीला बोलावून घेतलं. साहेब दुभाषे म्हणून बसले. मिठागराच्या मुलांना वाचायला कुणी शिकवलं, असा साधा प्रश्न होता. कुणीतरी नवा मास्तर आला असेल, एवढं म्हटलं असतं तरी निभावलं असतं. साहेबांच्या चेहऱ्यावरून त्यांचीही तीच अपेक्षा दिसत होती.

"मी शिकवलं," ती म्हणाली. "रविवारी."

परदेशी बाई रागावली नाही. ती रागावली असती तर सोपं गेलं असतं. तिने कागद ओढला, दोन वर्तुळं काढली आणि समजावून सांगितलं. बारा वस्त्यांत आज चार हजार मुलांना दूध आणि शिक्षिका मिळते. पैसे देणारे विचारतात, याने फरक पडतो कशावरून? आपण म्हणणार, मदत नाही तिथली मुलं बघा. तिथली मुलंही तेवढीच वाचू लागली, तर ते म्हणणार, मग मदत कशाला? चार हजारांचं दूध बंद होईल. मोजणीवाली लक्ष देऊन ऐकत होती. त्या बोलण्यात कुठे चूक सापडते का, हे तिने पुन्हा पुन्हा बघितलं. सापडली नाही.

"तुम्ही वाईट काही केलं नाही," बाई म्हणाली. "पण ही वस्ती आता मला मोजता येणार नाही."

मग या वस्तीला मदतीच्या यादीत घाला, असं मोजणीवाली म्हणाली. साहेबांनी याचं भाषांतर न करताच नकाराची मान हलवली. चिठ्ठ्या एकदाच टाकलेल्या असतात.

मिठागर यादीतून निघालं. तिला ऑफिसात आकडे भरायच्या टेबलावर बसवलं आणि हे ऑफिस चालू आहे तोवर चोवीसपैकी एकाही वस्तीत पाऊल टाकायचं नाही, असं लिहून घेतलं. संगणकावर मुलांना नावं नव्हती, सहा आकडी नंबर होते. मिठागराचे तेवीस नंबर करड्या रंगाचे झाले होते आणि त्यांच्यापुढे काही भरता येत नव्हतं.

तिने शब्द पाळला. निरोप कुणाबरोबर धाडावा तर त्या वाटेने जाणारं ओळखीचं कुणी नव्हतं, आणि निरोप धाडणं हेही जाण्यासारखंच, असं तिने धरलं. रविवारी ती खिडकीशी बसायची. मुलं पत्र्याच्या सावलीत येऊन बसली असतील, हे घड्याळाकडे न बघताही तिला कळायचं. चार हजार मुलांचा विचार करायचा ती प्रयत्न करी. पण चार हजार मुलं एकदम डोळ्यांपुढे येत नाहीत.

अहवाल आला. मदत मिळालेली मुलं वाचनात पुढे होती, उंचीतही थोडी. फरक खरा होता, पक्का होता. ऑफिसात चहा झाला, फोटो झाला. साहेबांनी तिलाही पुढच्या रांगेत उभं केलं, ही त्यांची मोठ्या मनाची गोष्ट.

दोन महिन्यांनी पत्र आलं. तिकडे सरकार बदललं होतं आणि बाहेर जाणारा पैसा थांबवला होता, इथलाच नव्हे तर सगळीकडचा. परदेशी बाईंचा फोन आला तेव्हा साहेबांनी तो सगळ्यांना ऐकवला. अहवाल चुकीचा आहे असं कुणी म्हणालं नाही, त्या सांगत होत्या, तो कुणी उघडलाच नाही. त्यांचा आवाज मध्येच बंद पडला. लाइन गेली असं वाटून साहेब दोनदा हॅलो म्हणाले, पण लाइन गेली नव्हती.

साहेबांनी फोन ठेवला. "चला," ते म्हणाले, "आता चोवीसच्या चोवीस सारख्या झाल्या."

महिनाअखेर ऑफिस बंद झालं. त्यानंतरच्या पहिल्या रविवारी ती सकाळच्या बसने मिठागराला गेली. काय सांगायचं ते वाटेत जुळवत होती आणि मोडत होती. पत्र्याच्या सावलीत कुणी नव्हतं. हंगाम अर्ध्यावर आला होता. काही कुटुंबं दुसऱ्या मिठागरावर गेली होती.

भिंगरीची आई भेटली. तिने बसायला पोतं टाकलं, पाणी दिलं. आठ महिने कुठे होता, असं विचारलं नाही. भिंगरी शहरात मावशीकडे होती. मावशीला बाळ झालं होतं, सांभाळायला कुणी नव्हतं, म्हणून पाठवली. पोर चारपाच रविवार इथे येऊन बसायची, आई म्हणाली, मग बसायची थांबली. हे सांगताना ती मिठाची टोपली झटकत होती.

मग ती आत गेली आणि चिठ्ठी घेऊन आली. भिंगरीने शहरातून पाठवली होती, ट्रकवाल्याच्या हाती.

"शेजारच्या पोराने वाचून दाखवली, तुमच्याच हाताखालचा तो. पण भरभर वाचतो. मला सावकाश ऐकायची आहे."

मोजणीवालीने चिठ्ठी उलगडली. वहीच्या पानावर मोठी, टपोरी अक्षरं, काही ऱ्हस्व-दीर्घ चुकलेली. तिने सावकाश वाचलं. बाळ रात्री रडतं. मावशी चांगली आहे, काका मारत नाही. इथे नळ घरात आहे. दुकानांच्या पाट्या मी सगळ्या वाचते. मावशी म्हणते पुढच्या वर्षी शाळेत घालू, पण बाळ चालायला लागल्यावर. तुझे पाय कसे आहेत. चिंध्या रोज बदल.

ती वाचत होती आणि पुढच्या ओळीत आत्या हा शब्द नजरेने आधीच शोधत होती. पान संपलं. मागची बाजू कोरी होती.

"एवढंच?" आईने विचारलं.

"एवढंच," ती म्हणाली.

आईला उत्तर धाडायचं होतं. तिने सांगितलं तसं मोजणीवाली लिहीत गेली: पाय बरे आहेत, शेजारणीला मुलगा झाला, बाळाला उन्हात नेऊ नकोस, पैसे जमले की येऊन जाईन. शेवटी थोडी जागा उरली. पेन्सिल त्या जागेवर जरा थांबली. मग तिने कागदाची घडी केली आणि आईच्या हातात दिली.

उठताना बघितलं तर पाच-सहा वर्षांच्या दोन मुली पत्र्याच्या सावलीत येऊन बसल्या होत्या. मोजणी सुरू झाली तेव्हा त्या फार लहान होत्या, कोणत्याच यादीत नव्हत्या. ही कोण, हे त्यांना माहीत नव्हतं. मोठी मुलं इथे बसायची एवढं ठाऊक होतं, म्हणून त्या बसल्या होत्या. तिने पिशवीत हात घातला. औषधाचं एक रिकामं खोकं होतं. ते त्यांच्यापुढे ठेवून ती जमिनीवर बसली आणि पहिल्या अक्षरावर बोट ठेवलं.

परतीची बस साडेपाचला होती. त्या दिवशी ती जवळजवळ रिकामीच होती, आणि कंडक्टरने तिला हवी ती जागा घ्यायला सांगितलं.