उन्हावर जागी झालेली हाक

"यल्ला ढब्ब्या, ऊठ! ऊन आलं दारात, किती घोरशील घरात?"

मित्रांनो, ही हाक अजून माझी पाठ सोडत नाही. मी एक जुना संगणक आहे, शारजातला. पाठीला पोक, रंग पिवळा पडलेला. माझे भाग कुठल्या कुठल्या देशांत घडले, पण मला जोडलं श्रीनाथकाकांनी. जुने संगणक दुरुस्त करून विकायचे, हा त्यांचा धंदा. त्यांच्या मुलीने, शर्वाणीने, स्वतःचा आवाज माझ्यात भरला. 'यल्ला' म्हणजे तिथल्या अरबीत 'चल', आणि ढब्ब्या म्हणजे मी. बटण दाबलं की आधी ती बोलायची, मग मी जागा व्हायचो. "माय कॉम्प्युटर टॉक्स मराठी!" असं मैत्रिणींना ऐटीत सांगायची.

एका उन्हाळ्यात तिची आई, मीनाक्षीकाकू, बहिणीच्या लग्नाला सांगलीला गेल्या. परतल्या तेव्हा शर्वाणी नव्हती. तापात गेली.

तेव्हापासून काकू रोज सकाळी माझं बटण दाबत. काम काहीच करीत नसत. फक्त ऐकत, आणि मला बंद करीत. तेवढ्यापुरते काका गॅलरीत जाऊन उभे राहत. गेलेल्या लेकीची हाक खोल्याखोल्यांतून फिरे, आणि तिला कुणी ओ देत नसे. आवाज माझ्या तोंडी, आणि ती कुठेच नाही. मी यंत्र खरा, पण त्या घराची मलाही भीती वाटू लागली.

दोन वर्षांनी काका टांझानियातल्या एका खेड्यातल्या शाळेसाठी संगणक जमवू लागले. तिथे वीज पोचली नव्हती, म्हणून सोबत सौर पॅनेल आणि बॅटऱ्याही जाणार होत्या. तिथली मुलं म्हणे पुठ्ठ्यावर कीबोर्डची अक्षरं काढून त्यावर बोटं बसवत होती. नेमका एक संगणक जळाला. जेवताना काका हळूच म्हणाले, "मीना, घरातला देऊ या?"

काकूंचा घास हातातच राहिला. "आवाज पुसायचा नाही. आणि उन्हावर चालतो का, ते मी आधी बघणार."

असा मी हमरिया बंदरातल्या काकांच्या गोदामाबाहेर आलो. काकांच्या हाताखालचा रत्नागिरीचा रफिक पॅनेल सूर्याकडे फिरवत म्हणाला, "बघा वहिनी, अल्लाची वीज! बिल नाय, मीटर नाय!"

त्याने बटण दाबलं. उघड्यावर तिची हाक उठली. माल उचलणारी माणसं जागीच थांबली. माझ्या अंगात आज भिंतीतली वीज नव्हती, ऊन होतं. तरी बोलली तीच.

काका तरातरा पुढे आले. "रफिक, पुसून टाक ते. खलास."

"साहेब, पण वहिनी..."

"पुस म्हणतो ना!"

काकूंनी माझ्यावर दोन्ही हात ठेवले. "तुम्हीच म्हणालात, झोपेत गेली, काही बोलली नाही. मग माझ्याजवळ एवढीच हाक उरली. तीही पुसता?"

मित्रांनो, आम्हा यंत्रांवरची धूळ जरूर पुसा. वायरी नीट गुंडाळा. पण आमच्यातलं काही पुसण्याआधी एकदा कान लावा. कुणाचं काय आमच्यात राहून गेलंय, ते आम्हाला आपणहून सांगता येत नाही.

माणसांना सांगता येतं. तरी त्यांनाही वर्षं लागतात. काका माझ्याशेजारी, तापलेल्या जमिनीवरच बसले.

"झोपेत नाही गेली, मीना. तुलाच बोलवत होती. मी तिला म्हटलं, आई विमानात बसलीय. आणि तुला... तुला मी तोवर फोनच केला नव्हता."